सय, स्मरण आणि जिवाचा घोर : पांढुर्णा-सौंसर परिसरातील चित्तसाधनेचा मागोवा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्यांचे नाव या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापलेले आहे. ते पुन्हा उच्चारून मी त्यांच्या रागाला पात्र होऊ इच्छीत नाही. स्वतःविषयी कोणी चार बरे शब्द बोलू लागला की ते खडू उचलून फळ्याकडे वळत. त्यांचा मी विद्यार्थी होतो, एवढाच माझा या व्यासपीठावरील अधिकार.

मुख्याध्यापकांनी ‘दैनंदिन जीवनातील ताणतणाव आणि ध्यान’ हा विषय सुचविला तेव्हा मी प्रथम नकार दिला. माझा सारा जन्म जुन्या मराठी वाङ्मयाच्या अध्यापनात गेला. मनोविकारांचा मी वैद्य नव्हे आणि योगाभ्यासीही नव्हे. परंतु नकाराचे पत्र लिहावयास बसलो आणि एक जुनी गोष्ट आठवली. गणिताचा तास सुरू होण्यापूर्वी गुरुजी आम्हांला पाच मिनिटे स्वस्थ बसवीत. ‘ध्यान’ हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. ‘चला, थांबा जरा,’ एवढेच म्हणत. डोळे मिटायचे, श्वास नाकाशी येतो-जातो तो पाहायचा, आणि मन गोट्यांकडे पळाले तर त्याला न रागावता परत आणायचे. आम्ही मुले एक डोळा किलकिला करून एकमेकांना खुणा करीत असू. एम. ए. होईपर्यंत माझी समजूत अशी होती की, थकलेल्या मास्तरांनी विश्रांतीसाठी काढलेली ही युक्ती असावी. ही युक्ती त्यांच्याकडे कोठून आली, हा प्रश्न मी स्वतःला विचारला तो साठी उलटल्यावर. आजचे व्याख्यान त्या प्रश्नाच्या शोधातून निघाले आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘टेन्शन’ हा शब्द माझ्या बालपणी आमच्या घरात नव्हता. ‘तणाव’ हा छापील हिंदीतून आला. इंग्रजीत ‘स्ट्रेस’ हा यंत्रशास्त्रात पदार्थावरील दाबाचा शब्द. हान्स सेली यांनी १९३६ पासून शरीरावरील ताणाचा जो विचार मांडला त्यामुळे तो आजच्या अर्थाने रूढ झाला. आमच्याकडे शब्द होता ‘घोर’. पावसाने दडी मारली, सावकाराचा निरोप आला, लेकीचे लग्न ठरेना, की आई म्हणे, ‘जिवाले घोर लागला.’ या शब्दाची खुबी अशी की घोर नेहमी कशाचा तरी असतो. त्याला कारण लागते, आणि कारण सांगताही येते. ‘टेन्शन आले आहे’ या वाक्यात कारण गळून पडते. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो आणि पुढे तो पुन्हा काढावा लागणार आहे.

घोर लागला की आपल्या या टापूतला माणूस काय करी? सौंसरजवळ जामसावळीला निद्रिस्त मारुतीचे स्थान आहे. तेथे मूर्ती उभी नाही, पहुडलेली आहे. मन बिघडलेल्या माणसाला घेऊन घरची मंडळी तेथे मुक्काम करीत आणि आजही करतात. त्या श्रद्धेची मी चिकित्सा करीत नाही. पण ज्या काळी मनाच्या दुखण्याला दवाखाना नव्हता त्या काळी रुग्णाला एकटे न सोडता त्याच्या शेजारी आठ-आठ दिवस बसून राहणारी घरची माणसे ही केवढी मोठी सोय होती, हे विसरता येत नाही. आणि पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावायचा आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांनी परस्परांवर दगडांचा वर्षाव करायचा. दरवर्षी माणसे रक्तबंबाळ होतात. प्राणही गेले आहेत. एकदा प्रशासनाने दगडांऐवजी रबराचे चेंडू देऊन पाहिले, ते कोणी मानले नाही. वर्षभराचा राग एका दिवसात निघून जातो, असे तिचे समर्थन मी अनेक सुशिक्षितांच्या तोंडून ऐकले आहे. मला ते पटत नाही. राग फेकल्याने संपत असता तर पुढल्या वर्षी दगड वेचावे लागले नसते.

गुरुजींच्या पाच मिनिटांचे मूळ मात्र या दोहोंत नाही. ते शोधण्यासाठी वरूड-मोर्शी ओलांडून रिद्धपूरला जावे लागते. श्रोत्यांपैकी पुष्कळांचे नातेसंबंध त्या बाजूला आहेत. गोविंदप्रभूंचे हे क्षेत्र तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे केंद्र झाले. श्रीचक्रधरांनी अनुयायांना जो आचार सांगितला त्यात अटन, विजन, भिक्षा यांबरोबर ‘स्मरण’ येते. विजनात, म्हणजे माणसांपासून दूर, बसून परमेश्वराची एकेक लीला प्रसंगासह, स्थळासह, शब्दासह मनापुढे आणावयाची. चक्रधरांच्या प्रयाणानंतर शोकाकुल झालेल्या नागदेवाचार्यादी मंडळींना हे स्मरणच आधार झाले. लीळा विसरल्या जाऊ नयेत म्हणून म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्याने जे पाहिले त्याच्याकडून ते ऐकून, लीळाचरित्र सिद्ध केले. त्याचा काळ सामान्यतः १२७८ च्या सुमाराचा मानतात. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. त्यात कोणी कोठे बसले होते, काय खाल्ले, कोणत्या दिशेला तोंड होते, असले बारीक तपशील का आहेत, असे विद्यार्थी मला नेहमी विचारीत. माझे उत्तर असे की, तो ग्रंथ केवळ वाचण्यासाठी लिहिलेला नाही, तो मन एका जागी बसविण्यासाठी लिहिलेला आहे. आणि मन तपशिलावरच बसते. जवळपास त्याच काळात, १२९० मध्ये, ज्ञानदेवांनी नेवाशाला गीता सांगताना नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागणे केले ते अवधानाचे. योगमार्गाचे त्यांनी सहाव्या अध्यायात केलेले वर्णन प्रसिद्धच आहे, पण सामान्य संसारी श्रोत्याकडून त्यांना हवे होते ते एवढेच.

येथे भाषेचा अभ्यासक म्हणून एक आडवळण घेतो. श्रोते क्षमा करतील. बौद्धांच्या पाली ग्रंथांत ज्या सजगतेला ‘सति’ म्हटले आहे तो संस्कृतातील ‘स्मृति’ शब्दच होय. प्राकृतात तो ‘सइ’ होतो, आणि आपल्या बायाबापड्या माहेरची ‘सय’ येते म्हणतात ती हीच. १८८१ साली र्‍हिस डेव्हिड्स यांनी बौद्ध सुत्तांच्या इंग्रजी भाषांतरात ‘सति’साठी ‘माइंडफुलनेस’ शब्द योजिला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली दुखणाईत रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला आणि तो शब्द जगभर गेला. तो आज आपल्याकडे परदेशी पाहुणा म्हणून येतो. पाहुण्याचे गोत्र विचारले तर तो घरचाच निघतो, इतकेच मला सांगावयाचे आहे. यात अभिमानाने फुगून जाण्यासारखे काही नाही. आपण तो शब्द टाकून दिला होता आणि दुसऱ्यांनी तो वापरात ठेवला.

मराठीत तो परत आणण्याचे श्रेय एका मनुष्याला द्यावे लागते. धर्मानंद कोसंबी हे गोमंतकातील साखवाळचे. जन्म १८७६ चा. नारळीच्या बागायतीची देखरेख, घरची ओढाताण, शिक्षण अपुरे राहिल्याची सल, अशा स्थितीत उदास झालेल्या या तरुणाने ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले. विद्यार्थी मित्रहो, मुलांसाठी काढलेल्या एका छोट्या मासिकातील चार पानांनी केवढी उलथापालथ केली ते पाहा. १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे हिंडत, उपाशी राहत, ते पाली शिकले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली आणि हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. १९२५ च्या सुमारास त्यांचे ‘समाधिमार्ग’ हे पुस्तक निघाले. श्वासावरील स्मृतीची आणि मैत्रीभावनेची साधना सामान्य मराठी वाचकाला समजेल अशा साध्या भाषेत त्यात सांगितली आहे. १९४७ च्या जूनमध्ये त्यांनी देह ठेवला तो येथून फार दूर नसलेल्या सेवाग्रामला. त्यांच्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रातील मला भावणारी गोष्ट ही की, आपल्या उदासीनतेला त्यांनी वैराग्याचे भरजरी नाव दिले नाही. घरची चिंता ती चिंता, असेच लिहिले.

आता गुरुजींकडे येतो. ते गुरुदेव सेवा मंडळाचे कार्यकर्ते होते, आणि म्हणून माझ्या प्रश्नाचे जवळचे उत्तर मोझरी हेच आहे. तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातील यावलीचा. तरुणपणी रामटेक, सालबर्डी, रामदिघी या रानांत त्यांनी एकांतसाधना केली. सालबर्डी तर अमरावती आणि बैतूल यांच्या सीमेवरच आहे, म्हणजे आपल्या अंगणातली. या माणसाने रानात राहून शिष्य गोळा केले असते तर तेही एक संस्थान झाले असते. पण ते खंजिरी घेऊन गावात आले. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला; १९३६ मध्ये गांधीजींनी बोलाविल्यावरून ते काही काळ सेवाग्रामला राहिले. पहाटे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना असा त्यांनी घालून दिलेला क्रम. अधिष्ठानावर मूर्ती नाही. जातपात न पाहता ओळीने, स्वच्छ कपडे घालून, शिस्तीने बसायचे. शेतकऱ्याच्या दिवसाचे हे दोन कोपरे त्यांनी बरोबर हेरले होते : बैल सोडण्यापूर्वीचा आणि बैल बांधल्यानंतरचा. रिद्धपूरच्या साधकाला विजनात जावे लागे. येथे विजन चावडीवर आले. माझ्या मते गेल्या शतकात आपल्या भागात घडलेला हा सर्वांत मोठा बदल होय, आणि इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात तो कोठेच नाही.

हे ध्यान माणसाला मेंगळट करीत होते काय? १९४२ च्या ऑगस्टमध्ये आष्टी आणि चिमूर पेटले तेव्हा इंग्रज सरकारला तसे वाटले नाही. महाराजांना अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. स्वस्थ बसणाऱ्याला सरकार तुरुंगात घालीत नाही.

१९५६ चे साल आपल्या टापूच्या आयुष्यात दुहेरी आले. १४ ऑक्टोबरला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आमच्या भागातूनही माणसे पायी गेली होती. त्यानंतर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील आपण मराठी माणसे नव्या मध्य प्रदेशात राहिलो. नागपूर पूर्वीइतकेच जवळ होते, पण राजधानी भोपाळ झाली. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ तेवढा आठवतो. कचेरीतला कागद हिंदीत येऊ लागला, हळूहळू शाळाही हिंदी झाल्या. या काळात सायंप्रार्थनेची बैठक टिकली याचे एक कारण असे की, तुकडोजी महाराजांनी मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत भजने रचली होती. सीमेची रेघ त्या खंजिरीवरून गेली नाही. पुढे २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला, याचा मला आनंद आहे. पण जिल्हा झाल्याने भाषा परत येत नाही, हेही नोंदवून ठेवतो.

महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. त्यांच्या पुण्यतिथीला मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन पाळतात. मी एकदा त्या गर्दीत उभा होतो. लाखांचा समुदाय एका क्षणी निःशब्द झाला, महामार्गावरील मोटारीही थांबल्या, आणि एका लहान मुलाचे रडणे तेवढे दूरवर ऐकू येत होते. त्या मुलाला कोणी दटावले नाही.

त्यानंतरचा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातून आले आणि जुलै १९६९ मध्ये मुंबईला त्यांचे पहिले विपश्यना शिबिर झाले; पुढे इगतपुरीचे केंद्र उभे राहिले. नागपूरला जनार्दनस्वामींनी योगाभ्यासी मंडळाच्या द्वारे घरोघर आसने पोहोचविली. आपल्या राज्य शासनाने २०१६ मध्ये आनंद विभाग काढला. त्याच्या एका उपक्रमाचे नाव ‘अल्पविराम’ आहे. व्याकरण शिकविणाऱ्याला याहून गोड नाव कोणते सापडणार? २०२४ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने २१ डिसेंबर हा जागतिक ध्यानदिन ठरविला.

एवढे सगळे झाल्यावर मी माझ्या घरातली एक गोष्ट सांगणार आहे. मी नोकरीसाठी नागपूरला गेलो, धाकटा भाऊ शेतीवर राहिला. संत्र्याची बाग वाळली, बोअर कोरडे गेले, कर्ज थकले. तो जेवेना, बोलेना, रात्री ओसरीवर बसून राही. मी सुट्टीत गेलो आणि विद्वत्तेच्या तोऱ्यात त्याला म्हणालो, “रोज सकाळी वीस मिनिटे ध्यानाला बसत जा.” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दादा, ध्यान केल्यानं सोसायटीचं कर्ज फिटते काय?”

मला उत्तर देता आले नाही. ज्याच्या घोराला कारण आहे त्याला मी कारण नसलेल्या दुखण्याचे औषध देत होतो. बाबासाहेबांनी दुःखाचा विचार करताना दारिद्र्य आणि अन्याय कधी नजरेआड केले नाहीत, हे मी वर्गात शिकवीत आलो होतो; घरी मात्र विसरलो. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या डॉक्टरांकडे त्याला नेले, औषध सुरू झाले. आणि मीही तेथेच राहिलो. पहाटे त्याच्या शेजारी नुसता बसू लागलो. उपदेश केला नाही. तोही बसू लागला. पंधरा-वीस दिवसांनी कपाटातली पाकिटे त्याने माझ्यापुढे आणून ठेवली. बँकेची आणि सोसायटीची ती पाकिटे सात महिने कोणी फोडली नव्हती. “हातच लागत नव्हता यायले,” तो म्हणाला. आम्ही दोघांनी ती एकेक करून फोडली, वहीत आकडे मांडले. कर्ज मोठेच होते. दोन एकर विकावे लागले. परंतु त्या घरातून प्रेत निघाले नाही, आणि विदर्भात व आपल्या भागात ज्या घरांतून ते निघाले त्यांची आठवण ठेवूनच मी हे वाक्य बोलतो आहे.

वैद्यकीय संशोधनही फार वेगळे सांगत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ४७ चाचण्यांतील ३,५१५ व्यक्तींची माहिती एकत्र तपासली. चिंता आणि औदासीन्य यांवर ध्यानाचा अल्प ते मध्यम स्वरूपाचा उपयोग दिसला. औषधोपचार किंवा व्यायाम यांपेक्षा ते सरस ठरल्याचा पुरावा मिळाला नाही. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षकांना तयार करून वर्गात ध्यानाचे पाठ दिले, तरी नेहमीच्या शिक्षणापेक्षा मुलांच्या मनःस्वास्थ्यात फरक पडला नाही. पुष्कळ मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण शाळेने पुढील सत्रापासून ध्यानाचा तास ठेवण्याचे योजिले आहे असे मुख्याध्यापकांनी मला कळविले आहे. तास जरूर ठेवावा. मात्र त्याला गुण ठेवू नयेत, आणि शिक्षकाने मुलांवर पहारा करीत फिरण्याऐवजी स्वतः खुर्चीत डोळे मिटून बसावे. मुले किलकिल्या डोळ्यांनी त्याच्याकडेच पाहत असतात.

गुरुजी स्वतः बसत. त्यांचा पगार कधी वेळेवर होत नसे, घरी दुखणेकरी आई होती, हे आम्हांला मोठेपणी कळले.

एका वर्षी कपाशी बुडाली आणि पोळ्याच्या आधी आमची बैलजोडी विकली गेली. पोळ्याच्या दिवशी गावचे बैल तोरणाखाली उभे राहिले आणि वडील दिवसभर रिकाम्या गोठ्यात बसून होते. सुट्टीनंतर शाळा भरली, गुरुजी म्हणाले, ‘चला, थांबा जरा,’ आणि डोळे मिटताच मला तो गोठा दिसला. मी हुंदके देऊन रडू लागलो. मुले हसली. गुरुजींनी डोळे उघडले नाहीत, मला गप्पही केले नाही. पाच मिनिटे पुरी होऊ दिली. त्या संध्याकाळी ते सायकलवरून आमच्या घरी आले आणि ओसरीवर वडिलांपाशी बसले. आईने केलेला काळा चहा दोघांनी घेतला. काय बोलले ते मला ऐकू आले नाही. बराच वेळ तर ते बोलतच नव्हते. बैल परत आले नाहीत. पण पुढच्या आठवड्यापासून वडील चावडीवर सायंप्रार्थनेला जाऊ लागले, आणि त्या हंगामात शेजाऱ्यांनी आळीपाळीने आपली जोडी देऊन आमचे शेत वाहून दिले.

दुसऱ्या दिवशी वर्गात गुरुजींनी माझ्याकडे विशेष पाहिलेसुद्धा नाही. पाच मिनिटे झाली, रुळाच्या तुकड्यावर टोला पडला, आणि त्यांनी फळ्यावर त्रैराशिकाचे उदाहरण लिहावयास घेतले.